पान एकशे सतराच्या पुढे

डोंबिवली,
१० ऑक्टोबर १९५४

ती. गं. भा. रंगूताई यांस,
श्रीपादचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, आमच्या वाचनालयाला येत्या जानेवारीत पंचवीस वर्षं पुरी होत आहेत. रविवार दि. १६ रोजी रौप्यमहोत्सव करायचा आहे. त्या प्रसंगी पाहुण्या म्हणून 'द्वारकेचे बिऱ्हाड' या गाजलेल्या कादंबरीच्या लेखिकेला बोलवावं, असा ठराव कार्यकारी मंडळाने एकमताने केला. मी चिटणीस, त्यामुळे निमंत्रण मलाच लिहावं लागतं आहे. मी तटस्थ राहिलो होतो, म्हणजे एकमत मला वगळून झालं, हे इथे नोंदवून ठेवतो.

ठरावाचं झालं. आता घरचं लिहितो. मी दोन वर्षांपूर्वी शाळेतून निवृत्त झालो. दाढा तीन उरल्या आहेत. हिची कंबर धरते, पण तोंड पूर्वीसारखंच चालतं. तू खडवलीला मुलींची शाळा चालवतेस हे मला माहीत आहे. इथून मोजून सहावं स्टेशन. चोवीस वर्षांत मी टिटवाळ्याच्या गणपतीला नऊ वेळा आलो आणि नऊही वेळा तिथूनच परत फिरलो. पुढे एकच स्टेशन होतं, पण गणपती टिटवाळ्यालाच आहे, त्याला मी काय करणार?

ठाण्यात जे झालं त्याबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही. आपल्या घरात राहून, लाल आलवणात बसून तू कादंबरी लिहिलीस. तीत पान एकशे सतरावर एक विधवा भर हळदीकुंकवात करंडा ओढून घेते, स्वतःच्या हाताने कुंकू लावते आणि वर विचारते, "आणि माझं वाण?" मग कुणी 'एक ठाणेकर' म्हणून साप्ताहिकात पत्र लिहिलं, सभा झाल्या, तळ्यापाशी प्रती जाळल्या, आणि तू ट्रंक घेऊन निघून गेलीस. झालं ते झालं. मी काही लिहिणार नाही म्हटलं तर एवढं लिहून बसलो.

पण एक आकडा कळवतो. आमच्याकडे दोन हजार चारशे पुस्तकं आहेत. त्यांत सर्वांत जास्त वेळा घरी गेलेलं पुस्तक तुझं. तीनशे अकरा वेळा! त्या सालच्या बाकीच्या कादंबऱ्या वाळवीने खाल्ल्या तरी कुणी चौकशी केली नाही. तुझी टिकली. कशामुळे टिकली याचा तूही विचार केला असशील. तो 'एक ठाणेकर' कोण होता देव जाणे, पण त्याच्या पत्रानंतर तीन महिन्यांत पहिली आवृत्ती संपली हे तुला नाकारता यायचं नाही.

यावं ही विनंती. गाडीची वेळ कळवल्यास स्टेशनवर माणूस पाठवीन.

आपला आज्ञाधारक,
श्रीपाद


डोंबिवली,
२४ ऑक्टोबर १९५४

ती. रंगूताईस,
सा. न.

तुझं कार्ड मिळालं. अगं, घरगुती मजकूर उघड्या कार्डावर कशाला लिहायचा? आमचा पोस्टमन मारुती सगळी कार्डं वाचतो. मला देताना म्हणाला, "मास्तर, चारच ओळी आहेत, पण बाईंनी तुम्हाला पकडलंय."

चारच ओळी. मला पाठ झाल्या आहेत. "गं. भा. लिहायचं बंद कर. पान एकशे सतरा सगळ्यांना ठाऊक आहे. द्वारकेचं त्याच्या पुढे काय झालं हे सांगणारा एक वाचक तुझ्या भागात दाखव, मी येईन. तू धरायचा नाहीस."

'गं. भा.' बंद केलं. बाकीच्याबद्दल म्हणशील तर ताई, तू फारच सोपी अट घातलीस. तीनशे अकरांतला एक! मी त्याच दिवशी रजिस्टर काखेत मारून बाहेर पडलो. कोर्टातले निवृत्त शिरस्तेदार आमच्याच आळीत राहतात, त्यांनी कादंबरी दोनदा नेलेली आहे. ते म्हणाले, "शेवटी विहिरीत उडी घेते." त्यांच्या सौभाग्यवती आतून ओरडल्या, "काहीतरीच! पश्चात्ताप होऊन काशीला जाते." समोरचे कंपाउंडर म्हणाले, डॉक्टरशी लग्न करून आफ्रिकेला जाते. तिघंही ठाम. शिरस्तेदारांच्या घरी तर भांडण लागलं, मला चहासुद्धा मिळाला नाही.

यांतलं खरं कोणतं हे मला तिथल्या तिथे सांगता आलं नाही, कारण वाचून फार वर्षं झाली.

समारंभाचे हार सांगून ठेवतो आहे. तू येणार हे मी धरूनच चाललो आहे.

तुझा,
श्रीपाद


डोंबिवली,
१४ नोव्हेंबर १९५४

ती. रंगूताईस,
सा. न.

हार तूर्त थांबवले आहेत.

काय झालं ते सांगतो, हसू नकोस. शेवट काय आहे ते एकदा पाहून घ्यावं म्हणून मी कपाटातून पुस्तक काढलं. हे कपाट म्हणजे आमच्याकडचं बंद कपाट. स्त्रिया आणि तरुण सभासद यांना अयोग्य वाटतील अशी पुस्तकं त्यात कुलपात असतात, आणि हवं असल्यास चिटणिसांकडे लेखी मागावं लागतं. ही पद्धत मीच घातली. तर पुस्तक काढलं, आणि उघडून पाहिलं.

जुनी छपाई. सोळा-सोळा पानांचे फर्मे दुमडून शिवलेले, कडा वाचणाऱ्याने चाकूने कापायच्या. पान एकशे अठ्ठावीसपर्यंत कडा कापलेल्या आहेत. पान एकशे सतरा इतकं हाताळलंय की कोपरा नाही, तेलाचा डाग आहे, कुणीतरी समासात 'शाबास' आणि त्याखाली कुणीतरी 'थू' लिहिलंय. आणि एकशे एकोणतीसपासून दोनशे चाळीसपर्यंत एकही पान सुटं नाही. कोरं करकरीत! तीनशे अकरा वेळा हे पुस्तक लोकांच्या घरी जाऊन आलं ताई, आणि त्याचं निम्मं अंग अजून कुणी उघडलेलं नाही.

हे एवढ्यावर थांबतं तरी बरं होतं. आमचा एक तरुण सभासद आहे, सुधीर, मुंबईत हापिसात जातो. त्याने लेखी अर्ज देऊन पुस्तक नेलं आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या टेबलावर आपटलं. "मास्तर, ही काय चीटिंग आहे? माझे वडील म्हणायचे, या पुस्तकानं सगळं ठाणं पेटलं होतं. मी एकशे सतरा काढलं, तर बाई कुंकू लावते! एवढंच?" मी म्हटलं, एवढंच. तर म्हणतो, "शक्यच नाही. खरं पान तुम्ही फाडलंय."

मी फाडलंय! मला किती संताप आला असेल, कल्पना कर. तो गप्प बसला नाही. बारा जणांच्या सह्यांचा अर्ज मंडळाकडे आला: चिटणिसांनी मूळ आक्षेपार्ह पान वाचकांना उपलब्ध करून द्यावे. मंडळाची बैठक झाली. पानांचे आकडे मोजले, एकशे सोळा, सतरा, अठरा, सगळे जागच्या जागी. अध्यक्ष भिंगातून शिवण बघत होते. शेवटी तेही म्हणाले, "तरी पण मास्तर, एवढंच असेल असं वाटत नाही बुवा."

आता माझं म्हणणं ऐक. पुस्तक लोकांच्या तोंडी राहतं ते भांडणामुळेच. लोक काय म्हणून अजून मागतात? काहीतरी भयंकर आहे असं ऐकलंय म्हणून. वाद नसता तर द्वारकेला बंद कपाटात तरी जागा मिळाली असती का? तेव्हा पुढचं कुणी वाचलं नाही म्हणून तू रागावू नयेस. मी स्वतः चार दिवसांत उरलेलं वाचतो आणि सगळं तोंडपाठ सांगतो. मीही वाचकच आहे. अट जरा सैल कर.

तुझा,
श्रीपाद


डोंबिवली,
२८ नोव्हेंबर १९५४

ती. रंगूताईस,

तुझं कार्ड. पुन्हा उघडंच.

"नाव राहिलं रे, पुस्तक कुठे राहिलं? भुताटकीच्या घराचंही नाव राहतं, पण तिथे राहायला कुणी जात नाही. कपाटाचं कुलूप काढून बघ. अट तीच." इथपर्यंत ठीक होतं. पण खाली ती एक ओळ: "एक ठाणेकरांची प्रकृती कशी आहे? त्यांनाही तीनच दाढा उरल्या असतील." मारुतीने मला विचारलं, हे ठाणेकर कोण, त्यांचा टपालाचा पत्ता काय.

म्हणजे तुला माहीत होतं. केव्हापासून? पहिल्या दिवसापासूनच ना? मी ती कादंबरी 'समाजाच्या पायातील काटा' आहे असं लिहिलं होतं, आणि ते वाक्य मी आदल्या आठवड्यात जेवताना तुझ्यासमोर बोललो होतो, हे मला पत्र छापून आल्यावर आठवलं. मी वाढायला आलेल्या तुझ्याकडे बघत होतो आणि तू भात वाढून पुढे गेलीस. मला वाटलं, सुटलो.

तर हो. मीच तो. मी तेव्हा तेहतीस वर्षांचा होतो, ताई. शाळेत नुकता कायम झालो होतो. हेडमास्तरांनी बोलावून विचारलं, ही लेखिका तुमची कोण? मी लेखिकेशी असहमत आहे हे गावाला कळायला हवं होतं, आणि नाव घालायची हिंमत नव्हती, म्हणून 'एक ठाणेकर'. हेडमास्तरांना मात्र मी कोपऱ्यात नेऊन सांगितलं की पत्र माझं आहे. आज हे लिहिताना मला माझीच किळस येते. हिला सांगितलं तर ही म्हणाली, "मला ठाऊक होतं. तुम्हाला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं की सगळ्यांना ठाऊक आहे."

कुलूप काढलं. पुस्तक बाहेरच्या फळीवर, अगदी दर्शनी ठेवलं. आठ दिवस झाले. कुणी हात लावला नाही. सुधीरने लांबून पाहिलं आणि म्हणाला, "ओपन शेल्फवर आलं? मग त्यात काय दम नसणार."

तू जिंकलीस. पण जिंकून तू येणार नाहीस, याचं काय करायचं ते मला सुचत नाही.

श्रीपाद


डोंबिवली,
१९ डिसेंबर १९५४

रंगूताई,

सापडली!

घाईत लिहितो आहे, अक्षराला नावं ठेवू नकोस. परवा शुक्रवारी सकाळी ही दारात भाजी घेत होती. भाजीवाली तुळसा, कळव्याची, आगरी बाई. मंगळवारी आणि शुक्रवारी वालाच्या शेंगा, मुळे असं घेऊन येते. मी ओटीवर बसून आपलं रडगाणं गात होतो, की या द्वारकेचं पुढे काय झालं हे सांगणारा एक माणूस मिळेल तर शपथ. तुळसा शेंगा मोजायची थांबली.

"मास्तर, कंची द्वारका? आमचे कलव्याची?"

मी म्हटलं, "कळव्याची कुठली? पुस्तकातली आहे ती."

"पुस्तक नाय, पोथी. आमचे घरान हाय."

मला वाटलं, हिचा काही घोटाळा होतोय. मी म्हटलं, बरं, सांग बघू मग. तिने पाटी बाजूला सारली, पदर खोचला आणि पायरीवरच बसली. तिच्या बोलीत 'ड'चा 'र' आणि 'ळ'चा 'ल' होतो, तेवढं समजून घे. "द्वारका होरीनं खारी उतरून कलव्याला आयली. मिठागराचे बांदावं, बाभलीचे आंगाला, झोपरी बांदली. पयले तिला बाया हसल्या. खारान चालून पायाला फोर आलं. मंग उधानाची भरती आयली, बांद फुटला, तवा सगले बायांनी आरवं परून बांद धरला, ही सगल्यांचे मदी. शेवटाला ती आपले चुलीवं भात रांदते, दार उघरां ठेवते, आन् बोलते, ह्यां माजां बिऱ्हाड." आणि मला म्हणते, "ती बाभल हाय अजून. या कवा, दाखवीन."

हिने हातातल्या शेंगा खाली ठेवल्या होत्या. मी विचारलं, ही पोथी तुमच्याकडे आली कशी? तर तिचा सासरा धाकू. ठाण्यात दारोदार मीठ विकायचा. गावात तेव्हा वाचता येणारा तो एकटा. कुठल्याशा घरी रद्दीत त्याला हे पुस्तक मिळालं, पुठ्ठा नाही, पहिलं पान नाही. त्याने पाहिलं, आत कळवा आहे, खाडी आहे, मिठागर आहे, म्हणजे हे आपलंच. कोयत्याने पानं सोडवली आणि खादीत बांधलं. पावसात मिठागरं बंद असतात, हाताला काम नसतं, तेव्हा त्यांच्याकडे पोथी लावायची रीत आहे. चोवीस पावसाळे झाले, धाकू द्वारका वाचतो. रोज थोडं, शेवटच्या दिवशी नारळ फोडून खोबरं वाटतात! आता त्याला दिसत नाही, तर पाठ म्हणतो.

मी विचारलं, "आणि त्या हळदीकुंकवाबद्दल तुमच्याकडे काय म्हणतात?"

"तां एक पान नाय ना, मास्तर. द्वारका हलदीकुंकवाला जाते, आन् पुढचे पानावं होरीन बसून ररते. मदी काय जालां? माजे सासऱ्यानं सांगलां, तिला तिचे भावानं हाकललां."

मी म्हटलं, "भावानेच कशावरून?"

"मंग न्हवरा तं नाय तिला. बाईमानसाला घरातून दुसरा कोन हाकलील?" आणि पाटी डोक्यावर घेता घेता म्हणते, "पान पन त्यानंच फारलां आसंल. आपला नाव यील म्हून."

ताई, मी ओटीवरून उठून आत गेलो आणि मोरीत उभा राहून तोंड धुतलं. तुला कुणी हे कधी सांगितलं नसेल, मीच सांगतो. पहिली प्रत तू मला दिली होतीस, 'चि. श्रीपादास' असं लिहून. साप्ताहिकाला पुरावा पाठवायचा म्हणून मी त्यातलं एकशे सतरावं पान फाडलं आणि ओळींखाली लाल पेन्सिलीने रेघा मारल्या. मग तुझं अक्षर कुणी ओळखू नये म्हणून पुठ्ठा आणि पहिलं पान चुलीत घातलं. बाकीचं मीठवाल्याला रद्दीत दिलं. सुधीर चूक बोलला नव्हता, फक्त प्रत चुकला होता.

धाकूने हे सगळं न बघता बरोबर सांगितलं. चोवीस वर्षं दर पावसाळ्यात कळव्यात माझं नाव न घेता माझी गोष्ट सांगितली जाते आहे, आणि मी इथे रजिस्टर राखत बसलो आहे.

तुझा,
श्रीपाद


डोंबिवली,
२ जानेवारी १९५५

ती. रंगूताईस,
सा. न.

तुळसा म्हणते ते बरोबर की नाही हे तपासणं चिटणीस म्हणून माझं कर्तव्य होतं. म्हणून पुस्तक फळीवरून घरी आणलं. चाकू बोथट निघाला, तेव्हा हिने विळी मांडली आणि एकशे एकोणतीसपासून सगळी पानं भेंडी चिरावी तशी सपासप सोडवली. मी मोठ्याने वाचायचं आणि तिने ऐकायचं असं तीन दुपारी चाललं. तिसऱ्या दुपारी आमटी करपली आणि दोघांनीही ती मुकाट्याने खाल्ली.

तुळसाचं सगळं बरोबर आहे. दोन ठिकाणी फरक आहे, आणि दोन्ही ठिकाणी तुळसाचंच जास्त चांगलं आहे. तू आवृत्ती काढलीस तर विचार कर.

मला पुस्तक आवडलं. हे मी आता लिहितो आहे, तेव्हा लिहायला हवं होतं. बांध धरायच्या प्रकरणात मला वाचता येईना, हिने पुस्तक हातातून घेतलं आणि अडखळत अडखळत तिनेच पुढे वाचलं. मग मला तुझाच राग आला. एवढं लिहिता येत होतं तर माझ्या तोंडावर चार शब्द फेकायचे होतेस, मुकाट्याने ट्रंक कशाला भरलीस?

वादाने पुस्तक टिकतं, हे माझं म्हणणं मी मागे घेतो. निम्मं घेतो. कारण वाद झाला नसता तर मी पान फाडलं नसतं, पान फाडलं नसतं तर प्रत रद्दीत गेली नसती, आणि रद्दीत गेली नसती तर धाकूकडे पोचली नसती. हे तुला खोडून काढता येतं का बघ.

मंडळात तुळसाचं नाव मांडलं. अध्यक्ष म्हणाले, ती सभासद नाही. दुसरे म्हणाले, तिला सही करता येत नाही, रजिस्टरात वाचक म्हणून कसं धरायचं? मी उभा राहिलो. म्हटलं, "रजिस्टरात तीनशे अकरा सह्या आहेत. त्या सगळ्यांना मिळून हे पुस्तक जेवढं माहीत आहे त्याच्या दुप्पट त्या बाईला एकटीला माहीत आहे. तिला पहिल्या रांगेत खुर्ची मिळत नसेल तर माझी खुर्ची तिला द्या, मी घरी जातो." इतक्या वर्षांत मी बैठकीत आवाज चढवला नव्हता. खुर्ची मंजूर झाली.

तुझी अट पुरी झाली. सोळा तारखेला दुपारी चार वाजता मी वाचनालयाच्या फाटकाशी उभा असेन.

तुझा,
श्रीपाद


डोंबिवली,
१८ जानेवारी १९५५

ताई,

तू आली नाहीस.

चारपासून पावणेसहापर्यंत मी फाटकाशी उभा होतो, हातात शेवंतीचा हार. तुळसाची खुर्चीही रिकामी. अध्यक्षांनी वेळ भरून काढायला पान एकशे सतरावर सव्वा तास भाषण केलं आणि त्यांनी पुढचं वाचलेलं नाही हे फक्त मला आणि हिला कळत होतं. शेवटी तो हार आम्ही सर्वांत जुन्या सभासदाला, म्हणजे शिरस्तेदारांना घातला. विहिरीत उडी घेणारे शिरस्तेदार!

घरी आल्यावर मी हिला म्हटलं, संपलं. ताईने शब्द मोडला, हट्ट तेवढा राखला. ही सरळ भांडी घासायला बसली. हे फार वाईट लक्षण असतं.

आज मंगळवार. सकाळी तुळसा आली, पाटी टेकायच्या आधीच बोलायला लागली. त्यावरून कळलं की तू आलीस. डोंबिवलीवरून पुढे गेलीस आणि कळव्याला उतरलीस. विचारत विचारत धाकूचं घर शोधलंस. मी फाटकाशी उभा होतो तेव्हा तू तिथे घोंगडीवर बसून शेवटचं प्रकरण वाचत होतीस, आणि अर्धं गाव अंगणात होतं. तुझं बरोबर आहे. वाचक दाखव म्हणालीस, मी दाखवला, तू वाचकाकडे गेलीस. अटीत माझ्या घराचा उल्लेख कुठेही नव्हता, मी पुन्हा वाचून खात्री केली.

मग तुळसाने पुढचं सांगितलं. वाचून झाल्यावर म्हाताऱ्या धाकूने तुझा हात चाचपून धरला आणि विचारलं, "बाय, त्या हरवलेल्या पानावं काय व्हतां? भावानंच हाकललां ना?" चोवीस वर्षांचा प्रश्न.

"तवा बाय बोलल्या," तुळसा सांगत होती, "हाकललां नाय. भाऊ रागावला व्हता, बोलून गेला. मंग ती गेली तां त्याला कललां, आन् तो धक्क्यावं धावत आयला. चप्पल नाय पायात. लय हाका मारल्या त्यानं. पन होरी सुटली व्हती, वारा ह्या बाजूचा, तिला काय आयकू नाय आलां." आणि मला म्हणाली, "आमचा सासरा लय ररला, मास्तर. बोलला, उगाच मी चोईस वर्सं त्या भावाला शिव्या घातल्या."

मी आत जाऊन पुस्तक काढलं. पान एकशे सतरा पाहिलं, एकशे अठरा पाहिलं. भाऊ नाही, धक्का नाही, हाका नाहीत. ते पान तू परवा अंगणात बसल्या बसल्या लिहिलंस.

ताई, मी धक्क्यावर आलो नव्हतो. स्टेशनवर नाही, आपल्या दाराशीसुद्धा नाही. तू ट्रंक ओढत होतीस तो आवाज मला माजघरात ऐकू येत होता आणि मी वह्या तपासत होतो. टांगा निघाला तेव्हा मी एका पोराचा शुद्धलेखनाचा अर्धा गुण कापला. एवढंच केलं मी त्या वेळी. हे तुला ठाऊक असताना तू त्या माणसांना तसं सांगितलंस.

येत्या रविवारी सकाळच्या गाडीने मी आणि ही खडवलीला येत आहोत. ही म्हणते, आधी पत्र कशाला, थेट जाऊ. पण मी कळवतो आहे, कारण तुला दार लावून घ्यायचं असेल तर तेवढा वेळ मिळायला हवा. लाव खुशाल. मी बाहेर उभा राहून हाका मारीन, आणि वारा कुठल्याही बाजूचा असला तरी तुला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने मारीन.

तुझा भाऊ,
श्रीपाद